महिन्याच्या मिस्सेनंतरचे चार शब्द

निर्मळ,
१४ सप्टेंबर २०२५

चि. ॲंजेला हिस,
अनेक आशीर्वाद.

जॅक्सनराव भाजी न्यायला आलेत. जावयाला चहावर बसवून हे लिहितोय. तुझी मम्मी जाऊन बारा दिवस झाले. घर नुसतं खायला उठतं. घशाच्या ऑपरेशननंतर मी वहीत लिहायचो आणि या घरात बोलणारी तीच होती.

काल फादर येऊन गेले. पाच ऑक्टोबरला चर्चमध्ये तिच्यासाठी महिन्याची मिस्सा. त्यानंतर घरच्यांपैकी कोणीतरी चार शब्द बोलायचे असतात. चाळीस वर्षं गावात लग्न असो की मयत, ते काम या मास्तराचं. आणि आता स्वतःच्या बायकोच्या वेळी मीच मुका. तू एकुलती, तेव्हा तुलाच बोलावं लागेल. ऑफिसच्या मीटिंगमध्येही तू मान खाली घालून बसतेस, हे मला माहीत आहे. तरीही. मटिल्डाची बोळवण नुसत्या आभारांवर झाली तर मला ते सहन होणार नाही.

लिहून पाठव. लाल पेन शोधून ठेवलंय.

तुझा,
पप्पा


मनवेलपाडा, विरार पूर्व,
१८ सप्टेंबर

ती. पप्पांना,
सा. न. वि. वि.

फोन केला तर मीच एकटी बोलत राहणार, म्हणून मीही कागदच घेतला.

भाषण म्हटलं की मी पळवाटाच शोधते. तरी सोबत दोन पानं पाठवतेय. ‘आज आपण सर्व येथे जमलो आहोत’ अशी सुरुवात केलीय. मग फादर, सिस्टर्स, खांदा दिलेले, जेवण पोचवलेले, सगळ्यांची नावं. आपल्याकडे कुणाचं नाव राहिलं तर वर्षभर ऐकावं लागतं. मम्मीबद्दल शेवटी लिहिलंय.

गोळ्या वेळेवर घ्या.

तुमची,
ॲंजेला


निर्मळ,
२२ सप्टेंबर

चि. ॲंजेला हिस,
अनेक आशीर्वाद.

नावं मोजली, एकोणचाळीस आहेत. चाळिसावा रुसणार, आणि बाकीचे आपलं नाव येऊन गेलं की घड्याळ बघणार. हा घोळ मीही पुष्कळ वर्षं घातला. सगळी खोडलीत. आभार शेवटी, एका वाक्यात. आणि आपण जमलोय हे जमलेल्यांना दिसतंच की.

एकच गोष्ट निवड, डोळ्यांसमोर उभी राहील अशी. ‘प्रेमळ’, ‘कष्टाळू’ हे कुठल्याही मयताला चिकटवता येतं, मी चिकटवलंय. पाठ करू नकोस. शेवटच्या बाकावरच्या आग्नेसमावशीकडे बघून बोल. तिला ऐकू गेलं म्हणजे सगळ्यांना गेलं. चार मिनिटांत खाली ये. रडू आलं तर थांब, घाई करू नकोस.

तुझा,
पप्पा


मनवेलपाडा,
२५ सप्टेंबर

ती. पप्पांना,
सा. न. वि. वि.

तीनदा लिहिलं, तीनदा फाडलं. मम्मी म्हटलं की मला ती राबतानाच दिसते, आणि ते तर सगळ्यांच्याच आयांचं. तुम्ही तिच्याबरोबर एक्केचाळीस वर्षं काढलीत. तुम्हीच एक गोष्ट द्या.

एक लिहू का? रागावू नका. तुमची एवढी भाषणं ऐकली, त्यात मम्मीचं नाव मी एकदाही ऐकलं नाही.

तुमची,
ॲंजेला


निर्मळ,
२९ सप्टेंबर

चि. ॲंजेला हिस,
अनेक आशीर्वाद.

दोन दिवस तुझ्यावर धुमसत होतो. मग कळलं की तू खरंच लिहिलंयस.

आता ऐक. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. भाषणाच्या आदल्या संध्याकाळी मी अंगणात येरझाऱ्या घालत ते म्हणून बघायचो. मटिल्डा ओट्यावर मोगऱ्याच्या कळ्या ओवत बसायची. तुला वाटायचं, तिचं लक्षच नाही. पण ऐकता ऐकता तिचे हात थांबले की तेवढा भाग मी ठेवायचो. हात भराभर चालत राहिले की खोडून टाकायचो. तिला हे ठाऊक होतं की नाही, देव जाणे. मी कधी विचारलंच नाही.

लोक माझी पाठ थोपटायचे तेव्हा ती मागे दाराशी उभी असायची. आवाज होता तोवर तिला ‘तुझ्यामुळे’ एवढंही म्हणायला मला सुचलं नाही. याची फार लाज वाटते.

हेच सांग. गाव मला काय म्हणायचं ते म्हणू दे.

तुझा,
पप्पा


निर्मळ,
६ ऑक्टोबर

चि. ॲंजेला हिस,
अनेक आशीर्वाद.

काल तू वर गेलीस तेव्हा हातात कागद होता. तू तो घडी करून पर्समध्ये टाकलास आणि थेट कळ्यांपासूनच सुरुवात केलीस. हात थांबायचे म्हणालीस आणि तूही थांबलीस. आग्नेसमावशीने पदर डोळ्यांना लावला. आभार मानायला मात्र तू साफ विसरलीस, आणि ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

बाहेर शाळेतल्या मनोरमाबाई म्हणाल्या, ‘म्हणजे मास्तर, भाषणं मटिल्डाबाईंची होती तर.’ मी मान डोलावली. मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि बरंही वाटलं.

संध्याकाळी घरी येऊन वहीत लिहिलं, ‘पोरगी चार मिनिटं बोलली, एक माणूस जागचा हलला नाही.’ वही घेऊन तुझ्या मम्मीला दाखवायला स्वयंपाकघरात गेलो. आत जाऊन उभा राहीपर्यंत माझ्या लक्षातच आलं नाही गं.

लोभ आहेच, तो अधूनमधून येऊन दाखवत जा.

तुझा,
पप्पा