गोठ्याची कडी

पोलादपूर,
डिसेंबर १९३४

चि. दिगू यास ताईचे आशीर्वाद.

तुझ्या महाडच्या गॅरेजातून माझी मोटार घेऊन निघालेला सहदेव सावित्रीकाठच्या वळणावर खाली कोसळला. माझ्या ओटीवर आणला तेव्हा त्याच्यात थोडी धुगधुगी होती. "बाईसाहेब, चाक फिरवलं, पन गाडी वळली नाय," एवढंच बोलला आणि गेला.

लोकांनी बैल लावून ओढून आणलेली मोटार आता गोठ्यात आहे. स्टिअरिंगच्या सांध्यात पिनेच्या जागी तू तार पिळून बसवली होतीस. ती तुटली आहे.

आणि तू सांगत सुटलास की ड्रायव्हर प्यायला होता. काल त्याची तुळसा माझ्या दारात बसून होती. "तुमी तरी सांगा गो बाय, ह्यांनी कदी थेंब घेतला नाय."

पाचगणीच्या कॉन्व्हेंटमधून सुटीत येताना मी तुला चावीची मोटार आणली होती. ती मोडलीस, दोऱ्याने बांधलीस आणि "ताई, बघ, चालते!" म्हणत धावत आलास. तो आवाज अजून कानात आहे.

आता तुझा निरोप आलाय, उद्या फौजदार यायच्या आत मोटार पाठव, फुकट नवी करून देतो.

मोटार पाठवणार नाही. हे पत्रही पाठवणार नाही. मिळालं तर तू येशील, लहानपणासारखं मांडीवर डोकं ठेवशील, आणि मी उठून गोठ्याची कडी काढीन.

तार फौजदाराला मीच दाखवीन.

तुझ्यासाठी स्वेटर विणायला घेतला आहे. तो मात्र पाठवीन, तुला ठेवतील तिथे.

तुझी,
ताई