तापातलं लंघन

राहू, ता. दौंड
१२ सप्टेंबर १९७८

ति. आप्पांस, भिमाचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

हितं समदं खुशाल हाय असं लिवलं असतं, पन खोटं कशाला लिवू? कुशीला परवापातुर ताप व्हता. तुमची भैन, म्हंजी माझी आत्या आन् सासू, तिनं लंघन धरलं. दीड वरसाचं लेकरू दोन दिस नुसत्या कोमट पान्यावर. अंगावरचं दूधबी बंद. आत्या मेंढरांकडं गेली की मी चोरून गुळपानी पाजत व्हते. तिनं धरलं आन् घर डोक्यावर घेतलं. म्हनली, मास्तराची लेक लई शानी, नातीच्या जिवावर उठली.

आप्पा, माझी आधीची दोन अशाच तापात गेली. थोरला तुमच्याकडं शिरूरला, दहा महिन्यांचा असताना. धाकला हितं. मला लई भ्या वाटतंय. पोरगी तापापरीस उपासानं जास्त गळती, मान टाकती, हे मी डोळ्यांनी बघितलंय. तुमचा शब्द आत्या खाली पडू देत न्हाई. तवा तिला चार वळी लिवा, की लेकराला थोडंथोडं द्यावं. ह्यांना विचारलं तर म्हनत्यात, आत्या-भाचीच्या भांडनात मला वढू नका.

शाळंतली पोरं लई तरास देत असतील, तर दोन छड्या माझ्या नावच्या द्या. आईला नमस्कार. माया हाय तशीच ठेवा.

तुमची भिमा

शिरूर
१७ सप्टेंबर १९७८

चि. सौ. भिमास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून आधी हसू आलं, मग राग आला. सातवी पास झालीस म्हणजे डॉक्टरीण झाली नाहीस, बाई. तापात लंघन हे वाडवडिलांपासूनचं औषध आहे. पेटत्या चुलीत सरपण घातलं तर जाळ वाढणार की विझणार, एवढं तरी कळावं. सोजरानं पाच लेकरं अशीच वाढवली, त्यातलाच एक तुझा नवरा. चांगला पहिलवानासारखा आहे की!

गेलेल्या दोघांचं आयुष्यच तेवढं होतं. त्याचं खापर लंघनावर फोडू नकोस. चोरून पाजणं बंद कर आणि आत्याच्या पायांवर हात ठेवून तसं वचन दे. परक्या घरात तुझे हाल होऊ नयेत, म्हणून तर तुला बहिणीच्या घरी दिली. आत्या-भाचीचं नातं म्हणजे दुधात साखर. ते नासवू नकोस.

तुझी आई तुझ्यासाठी गोधडी शिवते आहे. कुशीचा पापा घे. मास्तर असलो तरी तुझा बापच आहे, रागावू नकोस.

तुझा आप्पा, चांगदेव

पुणे
५ ऑक्टोबर १९७८

ति. आप्पांस नमस्कार.

कुशी जित्ती हाय, हे पैलं लिवते.

रविवारी तिला ताप भरला. तुमचं पत्र आत्याला वाचून दाखवलं व्हतं, वचनबी दिलं व्हतं, तवा मी कायबी पाजलं न्हाई. दुसऱ्या दिशी सकाळी हाक मारली तर डोळा उघडंना. हातपाय गार, दातखीळ बसलेली. दौंडच्या डाक्टरांनी बघितलं आन् तसंच पुन्याला धाडलं. हितं साखरंची सलाईन लावली. आप्पा, घटकाभरात पोरगी रडली! साखरंनं! मी येड्यावानी बघतच राह्यले.

डाक्टरांचा संशय असा, की अंगातली चरबी जाळाय न्यायला कार्निटिन नावाचं द्रव्य लागतं, ते कुशीच्या अंगात कमी पडतं. ताप आला की अंगाला सरपन जास्तच लागतं. आपन ते बंद केलं, आन् साठवलेलं तिला पेटवता येत न्हाई. हा आजार चार-पाच वर्सांमागं परदेशात कुनाला तरी उमगलाय. त्याचं औषध हितं मिळत न्हाई. तीन-तीन तासांनी खायला घालायचं, दूध द्यायचं, मटनाचा रस्सा द्यायचा, आन् तापात तर कवाच उपाशी ठेवायचं न्हाई.

मग त्यांनी इचारलं, नवराबायको नात्यातली का? मी तोऱ्यात सांगितलं, सख्ख्या आत्याच्या घरात दिलीय. ते म्हनले, हा दोष आईबापा दोघांकडून येतो, आन् एकाच रक्ताचे असले की त्याची भीती वाढती. दोन पोरं कशी गेली तेबी त्यांनी इचारलं. सांगता सांगता मलाच उमगलं. आप्पा, ती उपासानं गेली!

आत्या दवाखान्याच्या पायरीवर बसलीय. म्हनती, अशक्त कोकराला मी हातानं दूध पाजते, आन् नातवाला उपाशी मारलं. तिचा मला लई राग येतोय, आन् तिच्याकडं बघवतबी न्हाई. तुमी या.

भिमा

शिरूर
८ ऑक्टोबर १९७८

चि. सौ. भिमास आशीर्वाद.

पत्र काल शाळेत मिळालं. वर्गात उभा होतो, तसाच खाली बसलो. पोरांनी पाणी आणून दिलं. तीन वेळा वाचलं तरी खरं वाटेना. तुझं पहिलं पत्र काढून पाहिलं. तू सगळं बरोबर लिहिलं होतंस, आणि मी तुला हसलो.

थोरल्याचं तुला कधी सांगितलं नाही, ते आता सांगतो. त्या दिवशी तुलाही ताप होता, तू आत पडून होतीस. तुझ्या आईनं त्याच्यासाठी पेज करून आणली होती. मी तिच्या हातातली वाटी काढून घेतली आणि वर फळीवर ठेवली. पोरगं माझ्या मांडीवर होतं. त्यानं माझं बोट तोंडात धरलं आणि कितीतरी वेळ चोखत राहिलं. मी तुझ्या आईला म्हणालो, बघ, कसं खेळतंय. गं भिमा, ते भुकेलं होतं!

सोजराला बोल लावू नकोस. तिनं माझंच ऐकलं. काय बोलायचं ते मला बोल. हे पत्र आधी तुझ्या हातात पडावं, म्हणून परवा सकाळच्या एसटीनं निघतो. तुला माझं तोंड बघवलं नाही, तर बाहेरूनच परत जाईन. पण मी आलोय कळल्यावर लगेच उठून येऊ नकोस. आधी कुशीला भरव, मग ये.

लोभ असावा असं लिहायला आज छाती होत नाही.

तुझा बाप,
चांगदेव