एकही शब्द न खोडता

मी, उदाराम वल्द मंगरू टेंभरे, वय एकोणपन्नास, जात पोवार, धंदा शेती व दस्तलेखन, राहणार बिरसी, तहसील गोंदिया, जिल्हा भंडारा, मध्य प्रदेश, पूर्ण शुद्धीत असताना हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. कोणाच्या धाकाने लिहीत नाही, असे या ठिकाणी लिहायचा रिवाज आहे. पण मला धाक मुळीच नाही असे लिहिले तर ते खोटे होईल. येत्या मंगळवारी नागपूरच्या इस्पितळात माझ्या पोटातील गाठ कापायची आहे. डॉक्टर मला म्हणाले, घाबरू नका, आणि मग पत्नीला बाजूला बोलावले. तेव्हापासून अक्षर हलले आहे. बुद्धी हललेली नाही.

कलम १. मला मूलबाळ नाही. बिरसी येथील कौलारू घर, अंगणातील विहीर, आणि मी स्वकष्टाने खरेदी केलेली चार एकर धानाची जमीन, तिला पाणी देणारी बोडी, बांध व बांधावरील झाडे यांसह, माझी पत्नी धनवंता हिला पूर्ण मालकीने, कायमची, विकण्याच्या, दान देण्याच्या, गहाण ठेवण्याच्या व मृत्युपत्राने वाटेल त्यास देण्याच्या अधिकारासह देतो. तिच्या हयातीपुरती नव्हे. पोटगीदाखल नव्हे. तिच्यामागे माझ्या भावाचा अगर पुतण्यांचा या मालमत्तेवर काडीमात्र हक्क नाही.

ज्यांनी माझ्या हातचे दस्त वाचले आहेत, त्यांना ही भाषा माझी वाटणार नाही. म्हणून कारण लिहून ठेवतो.

मी गावच्या शाळेत चौथीपर्यंत शिकलो. इंग्रजी लागले ते तहसिलीच्या आवारात, एका वकीलसाहेबांच्या कागदांवरून. ते मला मौज दाखवीत. इंग्रज दान देतो ते 'फ्री गिफ्ट'. फुकट दान! विकत मिळणारे दान कोणते? कागद रद्द करतो तर 'नल अँड व्हॉइड', म्हणजे रद्द आणि रद्द. मृत्युपत्राला तर नावेच दोन, 'विल अँड टेस्टामेंट'. आम्ही दोघे पोट धरून हसत असू. तेव्हापासून मी माझ्या दस्तांतले शब्द छाटू लागलो. माझ्या शेजारी बसणारे दस्तलेखक बकाराम पटले म्हणत, "तू त कागदाले रंधा मारून रायलास गा, उदाराम. एक दिवस लाकूडच नाही उरणार."

मी म्हणे, "आन तू त लग्नाच्या पत्रिकेतबी चतुःसीमा लिवशील!"

सन १९४६ मध्ये पांगोली नदीपलीकडच्या गावी श्यामलाल नावाचे गृहस्थ अंथरुणाला खिळले होते. मृत्युपत्र लिहायला मला नेले. त्यांनाही मूल नव्हते. पत्नी धुरपताबाई हिने बहिणीची पोरकी मुलगी सावित्री सांभाळली होती. श्यामलाल म्हणाले, "माझं सारं बाईले." मी लिहिले, 'माझी शेती पत्नी धुरपता हिला दिली.' सहा शब्द. माझ्या वहीतल्या नमुन्यात 'पूर्ण मालकीने, विक्री व दानाच्या हक्कासह' असे होते, ते मी गाळले. दिली म्हणजे दिली, असे मला वाटले. त्या कागदाचा मला फार अभिमान होता.

श्यामलाल वारले. चार वर्षांनी धुरपताबाई शेत सावित्रीच्या नावे करून वारली. लगेच श्यामलालच्या पुतण्याने दावा लावला की विधवेला दिलेले हयातीपुरते असते, पूर्ण मालकी द्यायची असती तर तसे लिहिले असते. न्यायाधीशांनी माझा कागद वाचला. जे मी लिहिलेच नव्हते ते त्यांना कसे वाचता येणार? शेत पुतण्याकडे गेले.

सावित्रीबाई आता गोंदियात विड्या वळते. तहसिलीच्या वाटेवर भेटते. "राम राम, काकाजी. तुमी त किती सुंदर लिवून देल्लं होतं जी. आमचं नशीबच खोटं." दोन वर्षे हे ऐकून मी मान हलवतो आणि पुढे जातो.

आता मला कळते की तो दोनदोनदा लिहिणारा इंग्रज उधळा नव्हता. तो घाबरलेला होता. त्याच्या आधी कोणाचे तरी शेत गेले असेल. देवाला एकदा हाक मारली तरी ऐकू जाते, हे मी जाणतो. तरी रोज पहाटे महादेवाचे नाव एकशे आठ वेळा घेतो. या आठवड्यात किती वेळा होते ते मोजत नाही.

कलम २. वरील जमिनीपैकी रस्त्यालगतची एक बांधी, म्हणजे बांधांमधला धानाचा एक तुकडा, मी सावित्रीबाई हिला पूर्ण मालकीने, कायमची, सर्व अधिकारांसह देतो. तेवढी कलम १ मधून वगळावी. धनवंताची यास संमती आहे. ही भेट नव्हे. कारण वर लिहिले आहे, ते सावित्रीबाईला वाचून दाखवावे. मला तोंडाने सांगायचा धीर झाला नाही.

कलम ३. खाचर, म्हणजे बैलगाडी, व बैलजोडी धाकटा भाऊ मनिराम यास आजच देऊन टाकली आहे. सहा वर्षांपासून ती त्याच्याच गोठ्यात आहे, तेव्हा नेण्याचे कष्ट पडणार नाहीत.

कलम ४. माझी नमुन्यांची वही बकाराम पटले यांस आजच हाती दिली आहे, म्हणजे मृत्युपत्रातून लाभ घेणारा म्हणून त्यांच्या साक्षीला बाध येणार नाही. तिच्यात मी जेथे जेथे काट मारली आहे, ते सर्व शब्द त्यांनी पुन्हा लिहून घ्यावेत.

आज दुपारी साक्षीदारांसमोर मी हा मसुदा वाचला. मनिरामला मुद्दाम बोलावले होते. त्याची सही असली तर माझ्यामागे तो फिरणार नाही, ही माझी आशा. कलम १ ऐकून तो हसला.

"काऊन एवढं लिवून रायलास, दादा? 'बाईले देल्लं' म्हटलं का झालं. बाकी सारं फालतूच आहे."

"फालतू आहे त राहू दे. तुले कायले बोचते?"

त्याचे हसू गेले. म्हणाला, "तेवढे शब्द कमी कर, मंग सही करतो. मी काय वहिनीले घराबाहेर काढून रायलो?"

माझा हा एकच भाऊ. मंगळवारी मला इस्पितळात उचलून न्यायलाही तोच लागणार. टाक हातात होता, आणि खोडायला एक रेघ पुरली असती.

तेवढ्यात धनवंता चुलीपासून म्हणाली, "अजी, तेवढंच परत वाचा."

मी वाचले.

"अखीन एकदा."

तिसऱ्यांदा वाचत असताना मनिराम उठला, वहाणा घातल्या आणि निघून गेला. मंगळवारी तो येईल की नाही, मला माहीत नाही. शब्द तसेच ठेवले आहेत.

ठिकाण बिरसी, शुक्रवार, तारीख १२ नोव्हेंबर १९५४.

सही: उदाराम मंगरू टेंभरे

आमच्यासमक्ष उदाराम यांनी सही केली, व त्यांच्यासमक्ष आम्ही केली:
१. बकाराम पटले, दस्तलेखक, गोंदिया
२. झनकलाल कटरे, शेतकरी, बिरसी
३.

तिसरी जागा मनिराम मंगरू टेंभरे यांच्यासाठी आखली होती. ती आजच्या तारखेस रिकामी आहे, हे वरील दोघांनी पाहिले आहे. मी जिवंत असेपर्यंत ती त्यांच्यासाठी मोकळी राहील.