केशॉन मला काय म्हणाला

ओहायो,
सोमवार, ६ जानेवारी

प्रिय ओडेसाताई,

तू पाठवलेलं पेकन अक्रोडांचं खोकं शुक्रवारी पोचलं. निम्मे मी खाल्ले, निम्मे आमच्या संघातल्या पोरांनी पळवले. पुढच्या वेळी कुलूप लावून पाठव. इथे सरोवरावरून असं वारं सुटलंय की खांदा लावल्याशिवाय गाडीचं दार उघडत नाही. चर्चच्या छपराचं काम कुठवर आलं? क्लेटस दाजींचा खोकला कसा आहे? त्यांना म्हणावं, कोंबड्यांच्या खुराड्यामागे उभं राहून चोरून सिगारेट ओढली तर तो कसा जाईल.

कालपासून फोनवर तुझे निरोपावर निरोप आलेत. सगळे ऐकले. "त्या उद्धट पोराच्या दोन थोबाडीत द्यायला तिथे कुणी मोठं माणूस नव्हतं का?" हा तर दोनदा ऐकला. फोन उचलला नाही म्हणून रागावू नकोस. फोनवर तू विचारतेस, मी "बरं आहे" म्हणतो आणि आपण हवापाण्याचं बोलतो. या वेळी मला तसं करायचं नाहीये.

तू जे टीव्हीवर पाहिलंस ते वरून पाहिलंस. मी खालून पाहिलं.

सामन्याचं शेवटचं मिनिट होतं, आम्ही पुढे होतो. चेंडू आमच्या टोकाच्या पट्ट्यात नेऊन टचडाउन केल्याशिवाय त्यांना तरणोपाय नव्हता. जिंकेल तो पुढच्या फेरीत, हरेल त्याचा मोसम संपला. केशॉन गिडरी माझ्या वाट्याला आला होता. लुइझियानाचा पोरगा, पहिलंच वर्ष, काटकुळे पाय. बारा वर्षं मी अशा झेलणाऱ्यांच्या मागे सावलीसारखा पळतोय. चेंडू त्यांच्या हाती लागू द्यायचा नाही, एवढंच माझं काम. दुपारभर मी त्याला काही मिळू दिलं नव्हतं. वर ऐकवतही होतो, "चेंडू कसा दिसतो आठवतंय ना रे, की चित्र काढून दाखवू?" तुला वाटतं मी मैदानावर भजनं म्हणतो. तसं नसतं, ताई.

चेंडू सुटला. केशॉन बाहेर निघाला, मी बाहेर. तो आत वळला, मी अर्ध्या पावलानं मागे पडलो. पण चेंडू वाऱ्यानं भरकटला, त्याच्या पाठीमागे येणार हे मला दिसलं, आणि मी हात घातला. चेंडू माझाच होता. आणि त्या पोरानं हवेत असतानाच अंग फिरवलं. पाय जमिनीला नाहीत, रेटा द्यायला काही नाही, मग माणूस वळतो कशाच्या जोरावर? माझ्याकडे पाठ होती तिथे छाती आली, आणि एका हातानं, बोटांच्या टोकांनी, फांदीवरचं फळ काढावं तसा त्यानं चेंडू काढून घेतला. त्यात जराही घाई नव्हती. मी पाठीवर आपटलो, तोंडात बर्फ गेला. आमचं अख्खं स्टेडियम गप्प झालं. मला राग यायला हवा होता. पण मनात एवढंच आलं, की हे इतक्या जवळून बघायला मिळालेला जगात मी एकटाच माणूस आहे. अजूनही डोळे मिटले की ते दिसतं.

मग तो माझ्यावर वाकला, माझ्या तोंडासमोर बोट धरलं आणि बोलला. पंच हॅलोरन दोन हातांवर होते. दंडाचं पिवळं फडकं माझ्या पायाशी येऊन पडलं.

मी पडल्यापडल्याच म्हणालो, "राहू द्या हो. तो माझ्याशी बोलत होता, तुमच्याशी नाही."

"मी ऐकलंय, लेव्हॉन."

"मग हसू नाही आलं?"

"आलं," ते म्हणाले. "म्हणून काय फडकं खिशात ठेवू? ऊठ आधी."

त्यांचीही चूक नाही. आता टचडाउन झाल्यावर नाचलेलं चालतं, सगळ्यांनी मिळून बर्फात लोळलेलं चालतं. समोरच्या माणसाकडे बघून केलं की चालत नाही. पण ताई, आमचा हा सगळा खेळच समोरच्या माणसाकडे बघून खेळायचा आहे. यावर दाजींशी मी जन्मभर भांडू शकतो.

पुढचं तुला ठाऊकच आहे. टचडाउन धरला, ते एका गुणानं पुढे गेले, पण त्या फडक्यापायी त्यांना पंधरा यार्ड मागे जाऊन चेंडू आमच्याकडे मारावा लागला. आमच्या पोरानं तो थेट अर्ध्या मैदानापर्यंत पळवत आणला आणि शेवटच्या क्षणी आम्ही लाथेनं चेंडू खांबांच्या मधून घालवून तीन गुण घेतले. जिंकलो. सगळे एकमेकांच्या गळ्यात पडले. मीही पडलो. पण ज्या झेलानं आम्ही हरायला हवं होतं त्याच्याबद्दल कुणी अवाक्षर काढेना, म्हणून मला तिथे थांबवेना.

त्यांच्या संघाच्या खोलीबाहेरच्या बोळात केशॉन सामानाच्या पेटीवर बसला होता, शिरस्त्राण अजून डोक्यावर. त्यांचा एक कोच त्याला सुनावत होता, "तुझ्या एका वाक्यापायी सगळा संघ घरी चाललाय, कळतंय का?" मला बघून तो कोच आत गेला. पोरगा उठून उभा राहिला.

"सर," तो म्हणाला.

"आता सर का? मघाशी काका होतो."

त्यानं शिरस्त्राण काढलं. रडून डोळे सुजले होते. एवढंसं तोंड, ताई. आपल्या चर्चमध्ये मागच्या बाकावर चुळबुळत बसतात ना, त्यातलाच एक.

आता सांगतो तो काय म्हणाला होता. पत्रकारांनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, तब्येत विचारत होता. खरं हे: "लहानपणापासून माझ्या पलंगाच्या वर भिंतीवर तुमचं पोस्टर आहे, काका. आज घरी जाऊन काढून टाकतो."

मी विचारलं, "पोस्टर खरंच आहे?"

"आहे. बहिणीनं त्यावर तुम्हाला मिशा काढल्यात."

"आणि ते काढून टाकणार आहेस?"

त्यानं नकारार्थी मान हलवली. "आई हात लावू देणार नाही. ती म्हणते, ज्यानं तुला पळायला लावलं तो तिथेच राहील."

 मी कामाचं विचारलं, "आत वळलास तेव्हा मला चकवलंस कसं?"

 त्यानं बोळातच पावलं टाकून दाखवली, माझी पावलं, हुबेहूब.  "तुम्ही वळायच्या आधी डावा खांदा टाकता," तो म्हणाला. "पूर्वी नव्हता टाकत. कंबर वळत नाही म्हणून खांद्यानं वळता. गेल्या मोसमापासून. मी तुमचा प्रत्येक सामना पाहिलाय, सर." आणि मग अगदी हळू, "दुखतं का?"

डॉक्टरांना मी नाही म्हणतो. कोचला नाही म्हणतो. थँक्सगिव्हिंगच्या सणाला तुझ्या पायऱ्या चढताना कठड्याला धरून थांबलो, तू विचारलंस, तेव्हा प्रवासानं अंग आखडलंय म्हणालो. त्या पोराला म्हटलं, "हो. खूप." आणि ते म्हटल्यावर इतकं हलकं वाटलं की मीच चकित झालो. आयुष्यभर लोकांनी माझी स्तुती केली, पण इतक्या मायेनं माझ्याकडे कुणी बघितलं नसेल. तू सोडून. त्याला जवळ घेतलं. म्हटलं, "बोलणं सोडू नकोस. फक्त पंच गेल्यावर बोल."

आज सकाळी कोच ब्रॅनिगनकडे गेलो. म्हटलं, शनिवारी माझ्या जागी राखीव टेओडिसला उतरवा.

"दुखापत?"

"नाही. हळू झालोय."

 "हे मला ऑक्टोबरपासून ठाऊक आहे," ते म्हणाले. "तुला सांगायची हिंमत झाली नाही." मग त्यांनी टेओडिसला बोलावणं पाठवलं. तो आल्यावर मी फळ्यासमोर उभा राहून त्याला शनिवारच्या झेलणाऱ्याच्या खोडी समजावून सांगितल्या. शिकवायला बरं वाटलं.

हे पत्र उद्याच्या टपालानं जाईल, शनिवारच्या आत तुला मिळेल. तू चर्चमधल्या सगळ्या बायकांना घेऊन टीव्हीसमोर बसशील. खेळ सुरू होईल आणि मी मैदानात नसेन. घाबरून हॉस्पिटलांना फोन लावत बसू नकोस. मी कुठेही पडलेलो नाही. रेषेबाहेर जाड कोट घालून उभा असेन, आपल्या पायांवर, आणि पोरांना ओरडून ओरडून सांगत असेन. चेंडू आमच्या बाजूनं उंच गेला की एकदा माझ्याकडे बघ. त्या वेळी मी त्याच्या मागे धावत नसेन, नुसता मान वर करून बघत असेन.

हे सगळ्यांच्या आधी तुला कळावं, एवढंच होतं.

तुझा,
आता सावकाश चालणारा,
लेव्हॉन