हाल्वरच्या काडतुसांचं माप

डिलन, मॉन्टाना
२० ऑगस्ट १९८३

ती. एमेटमामास,

सा. न. वि. वि. नवीन खुबा बसवलेल्या माणसाला साष्टांग घालणं म्हणजे चिडवणंच, म्हणून उभ्यानेच केलाय असं समजा. ग्रेटाताई तुमची मुलगी असून आईसारखं पथ्य करायला लावत असेल तर कळवा, पोस्टाने सुकं मांस पाठवतो. उशीखाली ठेवा.

तुमचं बंदूकदुरुस्तीचं दुकान ठीक चाललंय. तुम्ही सांगून गेलात, की स्क्रू, तेल आणि दुर्बिणी एवढंच करायचं, लेथला हात लावायचा नाही. तसंच करतोय. कॉलेज सोडल्याचं आईने तुम्हाला कळवलंच असेल. त्यावर या पत्रात बोलायचं नाही, उत्तरातही नको.

आता खरी गोष्ट. परवा गुरुवारी मार्गिट आली होती. हाल्वर टॉलेफसनची मार्गिट. हसू नका. तिने आईच्या माहेरची रायफल आणली होती आणि फ्लॅनेलच्या फडक्यात बांधलेली चौदा काडतुसं. हाल्वरने स्वतःच्या हाताने भरलेली, एवढीच उरलीत. त्याची रायफल तर दोन हिवाळ्यांपूर्वी तो ट्रकसकट नदीत बुडाला तेव्हा त्याच्याबरोबरच गेली. ऑक्टोबरात एल्क हरणांची शिकार उघडली की तिला याच काडतुसांनी मारायचंय. पण गोळ्या पुंगळीतून इतक्या पुढे आलेल्या आहेत की आत नळीच्या पिळदार आट्यांना टेकतात आणि मागचा बोल्ट मिटत नाही.

मी म्हटलं, त्यात काय, काडतुसं भरायच्या प्रेसमध्ये घालून गोळी जराशी आत ढकलू, पाच मिनिटांचं काम. तर म्हणाली, बाबांनी ती जिथे बसवलीय तिथून कुणीही हलवायची नाही. मामा, असं म्हणून तिने माझ्याकडे बघितलं. मग मी म्हटलं, गोळी नाही हलणार, रायफल हलेल. रीमरने आतला घसा, आट्यांच्या आधीची मोकळी जागा, थोडा लांब कापला की झालं. तुम्ही फक्त हो म्हणा.

लोभ आहेच, तो या एका कामापुरता थोडा वाढवा.

तुमचा,
लायल

---

स्पोकेन
२५ ऑगस्ट १९८३

चि. लायलला अनेक आशीर्वाद आणि एक नकार.

नाही. पुढचं वाचायचं नसेल तर इथेच थांब, पण तू थांबणारा नाहीस, म्हणून लिहितो.

दुसऱ्याने भरलेलं काडतूस आपल्या रायफलीत घालायचं नाही, हे मी तुला तू नऊ वर्षांचा असताना शिकवलं. बापाने भरलेलं परक्याचं म्हणायचं की नाही, ते मला सांगता येणार नाही. पण ते भरलं गेलं दुसऱ्या रायफलीसाठी, आणि ती रायफल आता नदीच्या तळाशी आहे. हाल्वर माझा मित्र होता. काडतुसात दारू दाबून भरतो अशी त्याची ख्याती होती. बोलणंही तसंच होतं.

दुसरं म्हणजे लाकूड जास्त कापलं तर सरस लावता येते. घसा कापला तो कापला. मार्गिटच्या आजोबांची ती रायफल शंभर यार्डांवर पाच गोळ्यांची भोकं एका नाण्याखाली झाकते. त्या घरात हिवाळ्याचं मांस तिच्यावरच येतं, हे तुला माहीत नाही का? थांब. मी नोव्हेंबरात येतो, मग बघू.

मुलगी चांगली आहे. तिच्यासाठी फुलं घेऊन जा, रीमर नको. ग्रेटा बिनमिठाचं सूप घेऊन दारात उभी आहे, म्हणून आवरतं घेतो. सुकं मांस नक्की पाठव.

तुझा मामा,
एमेट

---

डिलन
१६ सप्टेंबर १९८३

ती. मामास,

सा. न. तुम्ही बसून वाचताय ना? मग ऐका.

तुमचं पत्र वेळेवर मिळालं. पोस्टावर ढकलत नाही. वाचलं, खणात टाकलं आणि त्याच खणातून रीमर काढला. नोव्हेंबरपर्यंत निम्मा मोसम जातो मामा! तोवर ती काय करणार होती? आणि मी?

काम मात्र तुमच्यासारखंच केलं. हाताने, दोन फेरे, पुसायचं, बघायचं. चौदांतलं एक काडतूस उचललं, व्हर्नियरने माप घेतलं आणि तेवढाच घसा कापला. बोल्ट लोण्यासारखा मिटला. मग दुसरं घातलं. मिटेना. परत मापलं, तर हे पहिल्यापेक्षा लांब! हाल्वर टॉलेफसन, ज्याच्या मापाची अख्खं गाव शपथ घ्यायचं, त्याची दोन काडतुसं दोन लांबीची असतील असं कुणाच्या मनात तरी येईल का? डोकं फिरलं. पुन्हा कापलं. तिसरं अडलं. पुन्हा कापलं. चौदाच्या चौदा आत जाईपर्यंत मी थांबलो नाही.

नंतर दुकानातली काडतुसं घेऊन खाणीच्या माळावर गेलो. नाण्याखाली झाकणाऱ्या रायफलीने टोपीएवढ्या जागेत गोळ्या विखुरल्या. तीनदा बघितलं, तिन्ही वेळा तेच. दुकानातली गोळी आता आट्यांपासून फार मागे राहते, हे मलाही कळतं. कापताना कळलं नाही.

अजून एक सांगतो, म्हणजे सगळं एकदमच होऊन जाईल. काम दोन दिवसांचं होतं. मी तिला तीन गुरुवार नुसतं थोडं बाकी आहे म्हणून परत पाठवलं. ती येते, त्या स्टुलावर बसते, हातमोजे काढून मांडीवर ठेवते आणि बर्फ यंदा लवकर येईल असं काहीतरी बोलते. मग जाते. मामा, पुढचे सहा दिवस मी काय करतो ते मलाच माहीत. काल चौथ्यांदा बाकी आहे म्हणालो. या वेळी बाकी काय होतं, ते तिला सांगायची छाती झाली नाही.

शिव्या देण्याइतका लोभ ठेवा.

लायल

---

स्पोकेन
२१ सप्टेंबर १९८३

लायल,

आशीर्वाद नेहमीचे आहेत. आज शब्दांत मांडायची इच्छा नाही.

शिव्या आल्यावर देईन, समोरासमोर. आधी तू जे पाहूनही पाहिलं नाहीस ते सांगतो. हाल्वरचं माप चुकलं नव्हतं. दर गोळीबरोबर नळीचा घसा आतून थोडा झिजतो, आटे पुढे सरकतात. तो दर वर्षी शिकारीआधी रायफल तपासायचा आणि तेवढीच गोळी बाहेर ठेवून भरायचा, म्हणजे ती आट्यांच्या जवळच राहायची. मोसम संपला की उरलेली दोन-एक काडतुसं कॉफीच्या डब्यात टाकायचा. तुझ्या फडक्यातली ती चौदा एका वर्षाची नाहीत रे. सात-आठ वर्षांची आहेत. आधी सगळी मापली असतीस तर कळलं असतं.

आता दोन कामं. हे पत्र मिळेल त्या दिवशी तिच्या घरी जा आणि सगळं सांग, ते तीन गुरुवारसुद्धा. रागावली तर रागावू दे. न सांगता तिने ती रायफल घेऊन डोंगरात जावं आणि एल्क जखमी होऊन पळावा, हे मला चालणार नाही. तुलाही नाही चालणार.

दुसरं, तिच्या परवानगीने एक काडतूस उघड आणि दारू तोल. काडतुसं भरायच्या पुस्तकातल्या आकड्यापेक्षा कणभरही जास्त निघाली, तर एकही उडवू द्यायचं नाही. मग ती कशीही बघो.

एमेटमामा

---

डिलन
३० सप्टेंबर १९८३

ती. मामास,

सा. न. वि. वि. रायफल, काडतुसांचं फडकं आणि दारूचा तराजू घेऊन गेलो होतो. सांगितलं. आधी गुरुवारांचं सांगितलं, कारण रायफलीचं जास्त अवघड होतं.

तिची आई बटाटे सोलत होती, ती उठून आत गेली. मार्गिट ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने विचारलं, दुकानातल्या काडतुसांनी आता किती जवळून मारावं लागेल? मी म्हटलं, पन्नास यार्ड. ती म्हणाली, पन्नास यार्डांवर एल्क उभा राहून माझ्याशी गप्पा मारणार आहे का रे गाढवा? गाढवा म्हणाली याचं बरंही वाटलं, हे तुम्हाला म्हणून सांगतो.

मग तुमचं पत्र तिच्या हातात दिलं. तिने ते दोनदा वाचलं. फडकं सोडलं आणि जेवणाच्या टेबलावर सगळी काडतुसं लांबीप्रमाणे उभी केली. बारीकसा फरक, पण ओळीने लावल्यावर डोळ्यालाही कळतो. सगळ्यात लांब दोन काडतुसांवर बोट ठेवून म्हणाली, ही त्या शेवटच्या वर्षाची. शेवटी शेवटी बाबांचे हात कापायचे, आई म्हणायची की आता त्यांना माप राहिलं नाही, ट्रकसुद्धा त्यांनी चालवायला नको होता. पण त्या दोन्हींच्या लांबीत केसाचाही फरक नव्हता. मग आईला हाक मारून बाहेर बोलावलं आणि दाखवलं.

एक काडतूस उघडायला तिने दिलं, मधल्या वर्षाचं. दारू पुस्तकापेक्षा कमीच निघाली मामा, चांगली दोन ग्रेनांनी. तुमचा मित्र बाहेर गावभर गरजायचा आणि घरच्या बाकावर इतकं जपून भरायचा. हे ऐकून तिची आई हसली. म्हणाली, मला विचारायचं, मी सांगितलं असतं.

रायफल ती आत घेऊन गेली. मला दारापर्यंत सोडायला मात्र आली नाही.

लायल

---

डिलन
१० नोव्हेंबर १९८३

ती. मामास,

सा. न. डॉक्टरांनी तुम्हाला नाताळापर्यंत अडकवून ठेवलंय असं ग्रेटाताईने कळवलं. इथे घाटावर बर्फ पडलाय.

मार्गिटला एल्क मिळाला. तिसऱ्या दिवशी, सव्वाशे यार्डांवरून, शेवटच्या वर्षाच्या त्या दोनातल्या एकाने. त्या लांबीचं काडतूस त्या घशात बरोबर बसतं, आता तेवढंच बसतं. ही बातमी मला तिच्या आईकडून किराण्याच्या दुकानात कळली. मांसाचा एक फरा घेऊन जा, असंही त्या म्हणाल्या. मी गेलो नाही.

मग गेल्या आठवड्यात ती स्वतः आली. स्टुलावर बसली नाही. म्हणाली, ही रायफल आता हाताने भरल्याशिवाय काही कामाची नाही, तेव्हा भरायला शिकव. हाल्वरने मुलांना दारूच्या जवळ फिरकू दिलं नव्हतं. त्याचा बाक कोठारात तसाच ताडपत्रीखाली होता.

खरं सांगतो, मामा, पहिली दोन मिनिटं मला वाटलं की घसा कापला ते फार चांगलं केलं. आता दर मोसमाला ती येईल, माझ्याकडून भरून नेईल, जन्मभर. घरी जाईपर्यंत ट्रकमध्ये मी मोठ्याने गात होतो.

तीन दिवस शिकवलं. पुंगळी साफ करणं, तिच्या बुडाला ठिणगीची टोपी बसवणं, दारू तोलणं. तोलताना ती श्वाससुद्धा रोखते. चौथ्या दिवशी कळलं, की वर खोऱ्यात, विज्डम गावाच्या पलीकडे, एका शाळेत तिला नोकरी मिळाली आहे. सोमवारी जाणार. बाक, प्रेस सगळं ट्रकवर चढवून. एकदा रस्ता बंद झाला की एप्रिलशिवाय उघडत नाही, हे तुम्हाला सांगायला नको.

एकच गोष्ट शिकवायची राहिली होती. त्या घशाला गोळी नेमकी किती बाहेर ठेवायची. ते माप फक्त माझ्याकडे होतं, कारण कापलं मी होतं. दिलं नसतं तर तिला विचारायला यावंच लागलं असतं. पत्राने तरी विचारलं असतं. रविवारी दिवसभर मी तोच विचार केला. तुम्ही शिकवलेलं सगळं आठवलं आणि ते बाजूला सारायच्या सगळ्या युक्त्याही आठवल्या.

संध्याकाळी गेलो. माप तीनदा तपासून कागदावर लिहून नेलं होतं. खाली हेही लिहिलं होतं, की दोन-तीनशे गोळ्यांनंतर घसा झिजेल, तेव्हा गोळी थोडी पुढे घ्यायची, आणि ते किती ते तिचं तिने कसं ओळखायचं. म्हणजे मला विचारायची गरज कधीच पडू नये इतकं सगळं. तिने ते उभ्या उभ्या वाचलं, घडी करून शर्टाच्या खिशात ठेवलं आणि म्हणाली, तुझं अक्षर बरं आहे रे, कॉलेज उगाच सोडलंस.

सोमवारी सकाळी तिचा ट्रक दुकानासमोरून गेला. मी दुर्बिणीचा स्क्रू आवळत होतो. तो अजून तसाच अर्धवट आहे.

तुम्ही लवकर या. माझ्यावर नसेल, तर दुकानावर तरी लोभ आहेच ना.

तुमचा,
लायल