कडेची माणसं

२ मे, कोरेगाव
मिरज सोडली! भाऊसोंच्या फोटो स्टुडिओत काम मिळालं, मागेच राहायला खोली. लग्नानंतरचं आमचं हे पहिलंच घर, दीक्षा तर हवेत आहे. कामही आवडीचं: काळे आलेले फोटो कॉम्प्युटरवर उजळायचे. परवा भाऊसोंच्या पुतणीची, राजनंदिनीची, हळद. आम्हा दोघांना आग्रहाचं आमंत्रण आहे.

५ मे
ऐन हळदीत भाऊसोंचा फ्लॅश रुसला. सगळे फोटो काळपट, मांडवाच्या कडेला बसलेल्या दोघा-तिघांचे तर चेहरेच नाहीत. मला पर्वणीच! भाऊसोंनी मात्र बजावलं, "नवरीपुरतं उजळ. कडंची माणसं अंधारात हायती, तशीच ऱ्हाऊ दे रं." आळस, दुसरं काय! कोपऱ्यात बसलेले म्हातारे लालासाहेब मी असे उजळून काढले की मिशीचा केस न् केस दिसावा.

७ मे
लालासाहेब सकाळी गेले. इकडे माणूस गेलं की लग्नकार्यातल्या फोटोतून चेहरा कापून हार घालायची तसबीर करतात. नातू आला, तर फोटो तयारच होता. बरं झालं उजळून ठेवला, म्हणाला.

८ मे
हळदीला आलेल्या रंगुबाई गेल्या. धडधाकट बाई. कालच त्यांना फोटोत खांबाआडच्या अंधारातून वर काढलं होतं. भाऊसो म्हणाले, असं मागंही एकदा झालंय. आणखी कुणाला उजळलंस, विचारलं. कुणालाच नाही, म्हणालो.

९ मे
खोटं बोललो. एकेक फोटो करायचा कंटाळा. रंगुबाईंच्या फोटोवर जमलेली दुरुस्ती एका क्लिकमध्ये सगळ्यांना लावली होती. आज एकेक उघडून पाहिला. बाकीचे सगळे दिव्याखालीच होते. अंधारात एकटीच—पाण्याच्या टाकीपाशी—माझी दीक्षा.

दुपार
पुन्हा काळा केला. चेहरा तेवढाच उजळ. फोटो पुसला. परत तिथेच आहे. भाऊसोंनी स्क्रीन पाहिली, आता माझ्याकडे बघत नाहीत.

संध्याकाळ
तिला सांगितलं नाही. कसं सांगू? दिवा लावू देत नाही म्हणून हसतेय मला. दार बंद, खिडकी बंद. माझाच हात मला दिसत नाही. तिचा चेहरा दिसतोय. भुवईवरचा तीळसुद्धा. भीती वाटते, फार भीती—तिच्याच चेहऱ्याच्या उजेडात लिहितोय हे—

हसायची थांबली. दीक्षा, बोल ना काहीतरी, दी—