तीन वर्षांचा, चार दातांचा

प्रिय ताई,

साष्टांग नमस्काराला गुडघे राजी नाहीत, तेव्हा बसल्या जागेवरूनच मान वाकवते. तुझी पाठ कशी आहे? भाऊजी अजून कडू गोळ्या कुंडीत पुरतात का? (झाडाला तरी गुण आला?) इकडे सगळं ठीक आहे. पत्राच्या सुरुवातीला असंच लिहायचं, असं शाळेतल्या सिस्टरांनी शिकवलं होतं.

शाळेतला पहिला दिवस आठवतो तुला? आपल्यात चौदा महिन्यांचं अंतर, पण एका वर्गात बसलो तर एकमेकींना सांभाळू, म्हणून बाबांनी आपल्याला चक्क जुळ्या म्हणून दाखल केलं. तू माझ्याहून वीतभर उंच. मोठ्या सिस्टरांनी चष्म्यावरून दोघींना न्याहाळलं आणि मुकाट्याने लिहून घेतलं. एक बाक, एक डबा, एक कंपासपेटी. त्या सुखाच्या आठवणीनेच मी लेकीच्या मागे लागले, की पाठोपाठ होऊ दे, दोघं एकदम मोठी होतात. (आपल्यानंतर आई किती वर्षं भिंत धरून चालायची, ते सांगितलं नाही. आठवलं नाही, असं म्हणू.)

थोरला सिझरचा. तो सहा महिन्यांचा होतो न होतो, तोच लेकीला पुन्हा दिवस राहिले. नव्या दवाखान्यात नर्सने विचारलं, आधीचं बाळंतपण कधीचं? लेकीने तोंड उघडायच्या आत मी म्हणाले, "झाली की तीन वर्षं." लाज वाटली गं. (तिच्या वतीने मीच बोलायचं, ही आमची जुनी रीत.) पुढे दर तपासणीला जावई थोरल्याला घेऊन समोरच्या चपलांच्या दुकानापुढे फेऱ्या मारायचे. दुकानदार म्हणे, इतकं चोखंदळ गिऱ्हाईक पाहिलं नाही.

गेल्या सोमवारी, सातव्या महिन्यात, लेकीच्या अंगावरून रक्त गेलं. धावपळीत थोरला माझ्या कडेवरच राहिला. खाली ठेवताच तो टेबलाखाली रांगत गेला आणि डॉक्टरीणबाईंच्या चपलेचा पट्टा चावू लागला.

"हा कोण?"

"थोरला."

"तीन वर्षांचा?"

"अंगाने बारीक आहे," मी म्हणाले.

त्यांनी त्याला उचललं, ओठ वर केला आणि दात मोजले. चार. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. हळूच म्हणाल्या, "आजी, सिझरनंतर इतक्या लवकर दिवस राहिले की बाळाची वार खाली, जुन्या टाक्यांवर रुजायचा धोका वाढतो. खरं कळलं असतं तर आधीच बारकाईने पाहिलं असतं." तसंच झालंय, ताई. वार गर्भपिशवीच्या तोंडावर आहे आणि टाक्यांत रुतल्यासारखी दिसते. लेक दवाखान्यातच पडून आहे. थोरला रोज तिची उशी हुंगतो.

भाऊजींना नमस्कार.

तुझी,
(शाळेच्या दप्तरी) जुळी

ता. क. तू घाबरू नकोस. मीही घाबरलेली नाही.

ता. क. २. वरचं खोटं आहे. गुरुवारी ऑपरेशन. पिशवीही काढावी लागेल कदाचित. काल डॉक्टरीणबाईंनी पुन्हा बाळंतपणाच्या तारखा विचारल्या, तेव्हा मी गप्प बसले. लेकीने स्वतः सांगितल्या, महिन्यानिशी. तिचा आवाज किती आपल्या आईसारखा आहे, हे मला माहीतच नव्हतं.

ता. क. ३. रक्त पुष्कळ लागेल म्हणतात. तुझा गट तिच्याशी जुळतो. बुधवारपर्यंत ये. तिथे वय विचारतील. शाळेच्या दाखल्यावरचं नको, खरं सांग.